नॅशनल फॉरेस्टमध्ये फुकट मुक्काम : उत्तर ॲरिझोनात तंबू टाकण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये फिनिक्सचा पारा ११० फॅरनहाइटच्या वर गेला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच चर्चा सुरू होते : वीकएंडला वर, थंड हवेच्या फ्लॅगस्टाफला पळायचं का? मग हॉटेलांचे दर निघतात, सगळे गप्प होतात, आणि कोणीतरी लिहितं, ‘जंगलात फुकट तंबू टाकता येतो म्हणे.’ येतो. पण ‘फुकट’ एवढंच ऐकून निघालेल्या मंडळींचे नंतर जे फोन येतात (रेंज असली तर), त्यांतूनच हे प्रश्न जमले आहेत. उत्तरं मुख्यतः कोकोनिनो आणि कैबाब या दोन वनांपुरती आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या रेंजर (वनाधिकारी) ऑफिसला फोन करून खात्री करून घ्या.

हे खरंच फुकट आहे? की कुठेतरी छुपी फी आहे?

खरंच फुकट. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. बुकिंग नाही, पावती नाही, गेटवर कोणी बसलेलं नाही. आखून दिलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, जिथे मनाई नाही अशा जागी राहायचं. बदल्यात सरकार तुम्हाला काहीच देत नाही : नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, टेबल नाही, दिवा नाही. हॉटेलात जे दुसरं कोणी करतं, ते सगळं इथे तुमच्याकडे.

वार्षिक पार्क पास यासाठी लागत नाही. काही भागांत पार्किंगचा वेगळा पास असतो. उदाहरणार्थ, ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच ट्रेलहेडवर (पायवाट सुरू होते त्या जागी) गाडी लावायला दिवसाचे पाच डॉलर पडतात. फ्लॅगस्टाफच्या जंगलात कच्च्या रस्त्याकडेला राहताना तसलं काही भरावं लागत नाही.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट एकच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. नॅशनल पार्क गृहखात्याच्या (इथलं इंटिरियर खातं, आपल्याकडच्या पोलिसांच्या गृहखात्याशी संबंध नाही) पार्क सर्व्हिसकडे असतात. नॅशनल फॉरेस्ट शेती खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असतात. १९०५ साली ही सर्व्हिस उभी राहिली तेव्हा लाकूड, पाणी आणि चराई सांभाळणं हेच तिचं काम होतं. तंबूवाले नंतर आले. म्हणूनच जंगलात मध्येच गुरं भेटतात, लाकडाचे ओंडके रचलेले दिसतात, फाटकं लागतात. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आत गेल्यावर परत बंद करायचं.

देशभरात अशी १५४ वनं आहेत, एकूण सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट.

व्यवहारात फरक असा : ग्रँड कॅनियन पार्कच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू टाकलात तर दंड. दक्षिण काठाच्या प्रवेशद्वाराबाहेर टुसायान गाव ओलांडून कैबाब वनाच्या कच्च्या रस्त्यावर शिरलात की तोच तंबू कायदेशीर. पार्कातली हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात. त्या सीझनमध्ये हा फरक माहीत असणं फार उपयोगी पडतं.

आम्ही एच-वन व्हिसावर आहोत. भारतातून आईबाबाही आलेत. चालेल?

चालेल. नागरिकत्वाची अट नाही. मात्र अठरा वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे, आणि जंगलात ती ‘घरी कपाटात’ असून उपयोग नाही. दक्षिणेकडे टूसॉनच्या आसपासच्या कोरोनाडो वनात जाणार असाल तर आणखी लक्षात ठेवा, कारण त्या बाजूच्या हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे (सीमा पोलिसांचे) नाके असतात.

आणखी एक, हे कोणी उघडपणे विचारत नाही म्हणून मीच लिहितो. ॲरिझोनात गांजा दुकानात मिळतो, पण नॅशनल फॉरेस्ट ही केंद्राची जमीन आहे आणि तिथे तो गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्या माणसाने ही मजा जंगलात नेऊ नये.

जागा शोधायची कशी? गूगल मॅपवर तर नुसतं हिरवं दिसतं.

गूगलवर भरवसा ठेवू नका. फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटार व्हेईकल यूज मॅप असतो. तो फुकट मिळतो, दिसायला अगदी रुक्ष, काळापांढरा. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे हे त्या नकाशावरूनच ठरतं. ज्या रस्त्याचा त्यावर पत्ता नाही, तो समोर दिसत असला तरी गाडीसाठी बंद. काही रस्त्यांच्या कडेने त्यावर ठिपके छापलेले असतात. तिथे मुक्कामासाठी गाडी थोडी आत घेता येते, कोकोनिनोत ३०० फुटांपर्यंत. बाकी ठिकाणी गाडी रस्त्यालगतच लावायची आणि तंबू उचलून आत न्यायचा. नकाशा घरीच फोनवर उतरवून घ्या. अव्हेन्झासारख्या ॲपवर टाकला की रेंज नसताना आपण कुठे आहोत ते दिसतं.

रस्त्याच्या पाटीकडे नीट बघा. नंबर आडवा लिहिलेला असेल तर रस्ता सहसा बरा असतो. तपकिरी पट्टीवर नंबर उभा, आकड्याखाली आकडा असा असेल तर तो उंच गाडीचा रस्ता समजा. तिथे कॅमरीसारखी बसकी गाडी नेऊ नये. खडकावर तळ घासला की टो ट्रकचं बिल येतं आणि फुकटचा हिशेब तिथेच संपतो.

जागा निवडताना आधी कोणी राहिलेली, गवत झडलेली, दगडांचं रिंगण असलेली जागा घ्या. नवीन जागा ‘उघडू’ नका. मग मान वर करून बघा : डोक्यावर वाळलेलं, जळकं झाड किंवा अडकलेली फांदी असेल तर पुढे चला. कोरड्या ओढ्याची रेती गादीसारखी मऊ असते, पण तिथे झोपू नये. कारण खाली पावसाच्या प्रश्नात आहे. आणि उजेड असताना पोहोचा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर फिनिक्समधून निघून रात्री साडेनऊला जागा शोधत फिरणं हा या खेळातला सगळ्यात वाईट भाग.

हिरव्या जंगलात खासगी तुकडेही असतात आणि ॲरिझोनाची स्टेट ट्रस्ट लँडही (राज्याच्या मालकीची जमीन) असते. तिला वेगळं परमिट लागतं. सेडोनाच्या आजूबाजूला गर्दीमुळे ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येतं, आणि फ्लॅगस्टाफ शहरालगतच्या काही पट्ट्यांत मुक्कामाला वर्षभर बंदी आहे. सगळ्यांनाच गावापासून दहा मिनिटांवर जागा हवी असते, त्याचा हा परिणाम.

किती दिवस राहता येतं?

इथे तीस दिवसांत चौदा. नंतर जंगलातच जागा बदलून पुन्हा चौदा, असं चालत नाही. घर म्हणून राहायला मनाई आहे.

शेकोटी पेटवता येते ना? शेकोटीशिवाय कसली मजा?

कधी येते, कधी नाही. निघायच्या दिवशी सकाळी वनाच्या वेबसाइटवर किंवा फोनवर विचारायचं. गेल्या आठवड्याचं उत्तर चालत नाही.

एप्रिल-मेपासून जुलैतला पहिला चांगला पाऊस होईपर्यंत इथलं जंगल बारुदासारखं असतं. आगीवरच्या निर्बंधांचा पहिला टप्पा लागला की आपल्यासारख्या मोकळ्या जागी राहणाऱ्यांना शेकोटी आणि कोळशाची शेगडी दोन्ही बंद. विकसित कॅम्पग्राउंडमधल्या लोखंडी रिंगणात तेवढी चालते. दुसऱ्या टप्प्यात तीही बंद. बटण फिरवून विझवता येणारा गॅसचा स्टोव्ह बहुधा दोन्ही टप्प्यांत चालतो. वांग्याचं भरीत कोळशावरच भाजायचा हट्ट असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या. फार कोरडं झालं तर अख्खं वनच बंद करतात. २०२१च्या जूनमध्ये कोकोनिनो आणि कैबाब दोन्ही बंद होती. नियम मोडल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळं अति वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. २० जून २०१०ला फ्लॅगस्टाफच्या ईशान्येला शुल्ट्झ आग लागली. कारण : कोणीतरी न विझवता सोडून दिलेली शेकोटी. सुमारे पंधरा हजार एकर डोंगर जळाला. आग विझली, पण प्रकरण तिथे संपलं नाही. जळलेल्या उतारावर पाणी मुरेना, महिन्याभरात पाऊस आला आणि राख-चिखलाचा लोंढा खालच्या वस्तीत घुसला. त्या पुरात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली.

त्यामुळे शेकोटी पेटवायची तर विझवायचं पाणी वेगळं आणा. पिण्याच्या पाण्यातून ‘उरलं तर’ नव्हे, वीस लिटरचा स्वतंत्र कॅन. विझवताना पाणी ओतायचं, फावड्याने राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, आणि शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघायचं. ऊब लागली तर विझलेली नाही. नुसती माती लोटू नका. आत निखारा तसाच धुमसत राहतो.

फटाके, फुलबाज्यासुद्धा, नॅशनल फॉरेस्टमध्ये वर्षभर बंद. चार जुलैलाही आणि दिवाळीलाही.

पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला, वर हातपाय-भांड्यांना. चौघांच्या कुटुंबाला दोन रात्रींसाठी पन्नास लिटर जास्त होत नाहीत. सह्याद्रीत फिरलेल्यांना वाटेत टाकं, झरा, निदान वाडीतली विहीर सापडायची सवय असते. इथे ती सवय विसरा. नकाशावर ‘टँक’ म्हणून छोटी निळी खूण दिसते, ती गुरांसाठी बांध घालून केलेली तळी असतात : चहाच्या रंगाचं पाणी, कडेला खुरांचा चिखल. त्यांच्या जवळ मुक्कामही करू नका. जनावरांना असलेल्या एकुलत्या पाण्याची वाट अडेल अशा रीतीने पाव मैलाच्या आत राहणं ॲरिझोनाच्या कायद्यात गुन्हा आहे. रात्री एल्क (सांबरासारखी मोठी हरणं) पाण्यावर येतात आणि समोर तंबू दिसला की तहानलेले परत फिरतात.

अडीअडचणीला ओढ्याचं पाणी प्यायची वेळ आलीच तर उकळा. या उंचीवर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण तीन मिनिटं.

आणि... संडास?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, हळू आवाजात विचारला जातो, पण सहल टिकते की मोडते ते यावरच.

छोटं खुरपं न्या. तंबू, पाणी आणि पायवाट यांपासून दोनशे फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं, दूर जायचं. सहा ते आठ इंच खोल, वीतभर रुंद खड्डा. तेवढा खोल अशासाठी की त्या थरातली माती जिवंत असते आणि वर जनावरं उकरत नाहीत. इथली जमीन दगडाळ आहे. पाइनच्या सुयांचा थर बाजूला सारला की चार इंचांवर खुरपं ‘टण्ण’ करतं. म्हणून खड्डा आदल्या दिवशी उजेडातच खणून ठेवा. सकाळी घाईत खणायला बसू नये, एवढंच सांगतो. सुयांचा थर नंतर वर पसरायला बाजूला ठेवायचा.

कागद मातीत पुरू नये, जाळू तर नयेच. झिप पिशवीत घालून परत आणायचा. इथे आपण फायद्यात आहोत. पाण्याची बाटली नेणाऱ्याला कागद जवळजवळ लागतच नाही. डायपर आणि पॅडही परत आणायचे. हे सगळं जमणार नसेल तर बादलीवर बसवायची सीट आणि जेल असलेल्या पिशव्या मिळतात. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी माझं मत तेच.

मग आईबाबांना न्यावं की नाही?

त्यांना विचारा, आणि विचारताना वरचा प्रश्न वाचून दाखवा. गडांवर देवळात मुक्काम केलेली माणसं इथे खुशीत राहतात. उंचीची मात्र दखल घ्या : फिनिक्स अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर, आणि मधला प्रवास दोन-सव्वादोन तासांचा. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खुर्च्या चांगल्या न्या. जमिनीवरून उठणं हीच त्यांची खरी अडचण असते, अस्वल नव्हे.

वरण शिजत नाही असं ऐकलं. खरं का?

खरं. सात हजार फुटांवर पाणी साधारण ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. त्यात तूरडाळ तासभर नाचते आणि तशीच राहते. लहान कुकर न्या, नाहीतर पिठलं करा. पोहे, उपमा, थालीपीठ यांना उंचीची फिकीर नाही. भांड्यांचं पाणी ओढ्यात नाही. अन्नाचे कण गाळून कचऱ्यात, उरलेलं पाणी दूर नेऊन पसरून टाकायचं.

अस्वल, साप, कोल्हे?

ग्रिझली अस्वलं ॲरिझोनात नाहीत. काळी अस्वलं आहेत, सहसा लाजाळू, पण नाकाने फार तिखट. खाणं, टूथपेस्ट, कचऱ्याची पिशवी, तेलाची बाटली हे सगळं रात्री काचा लावून गाडीत. तंबूत चिवडासुद्धा नको. मुलं हमखास ठेवतात. वायोमिंग-मोंटाना किंवा सिएरा नेवाडात नियम याहून पुष्कळ कडक आहेत, तिथे वेगळी चौकशी करा.

रॅटलस्नेक असतात. सरपण उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवा, रात्री बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय फिरू नका. कोयोटे (इथले कोल्हे) ओरडतात तेव्हा वाटतं वीसएक आहेत, असतात तीनचार. सप्टेंबरमध्ये नर एल्क रात्रभर शिट्टीसारखी लांब किंकाळी मारतात. ते काय आहे हे माहीत नसलं तर झोप उडते, माहीत असलं तर मुद्दाम ऐकायला लोक येतात. एल्कचा खरा धोका रस्त्यावर : संध्याकाळनंतर गाडी हळू.

सकाळी गोळीबार ऐकू आला. पोलिसांना कळवावं का?

बहुतेक वेळा नाही. नेमबाजीचा सराव नॅशनल फॉरेस्टमध्ये कायदेशीर आहे, पण घर, इमारत किंवा मुक्कामाच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत नाही. जमिनीवर काडतुसांच्या पुंगळ्या पडलेली जागा दिसली तर तिथे तंबूच टाकू नका. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो. मुलांना भगवे-नारिंगी कपडे घाला. ते आपल्या घरात असतातच.

पावसात काय? इथेही मान्सून असतो म्हणे.

असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर, पण कोकणातला नव्हे. सकाळ निरभ्र, दुपारी एक-दोनला ढग, मग तासभर विजा आणि गारा. कोरडा ओढा काही मिनिटांत भरतो, आणि पाऊस आपल्या डोक्यावर नाही तर दहा मैल वरच्या अंगाला पडलेला असतो. दुपारी उघड्या माळावर किंवा शिखरावर राहू नका. वीज चमकली की तंबू सोडून गाडीत बसा. ओल्या कच्च्या रस्त्याचा चिखल इतका चिकट असतो की चाकं भरून गोल होतात. सुकेपर्यंत थांबावं, घाईने निघालात तर रस्त्याला चर पडतात आणि तुम्हीही अडकता.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. जूनमध्येही पहाटे चाळीस फॅरनहाइटच्या आसपास उतरतं. हिवाळ्यात बर्फामुळे पुष्कळसे रस्ते बंदच.

फोन लागतो का?

मुख्य रस्ता सोडला की बहुधा नाही. ९११ मात्र कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, म्हणून आपली रेंज नसली तरी लावून बघायचा. आयफोन १४ आणि पुढच्यांत उपग्रहावरून मदत मागता येते. घरी कोणाला तरी तीन गोष्टी कळवून निघा : फॉरेस्ट रोडचा नंबर, जवळचं गाव, परतायची वेळ.

रेंज नसल्याचा फायदा रात्री कळतो. फ्लॅगस्टाफ हे २००१ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय शहर (रात्रीचं आकाश अंधारं राखणारं) ठरलं. प्लूटोचा शोध १९३०मध्ये इथल्याच लॉवेल वेधशाळेत लागला. अमावस्या बघून जा.

जंगलात खापरं, रंगीत दगड सापडले. आठवण म्हणून आणले तर?

खापरं तिथेच ठेवा. शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे अवशेष या जंगलात विखुरलेले आहेत आणि १९७९च्या पुरातत्त्व कायद्यानुसार ती उचलणं गुन्हा आहे. फ्लॅगस्टाफजवळचे सॅन फ्रान्सिस्को पीक्स हे डोंगर नवाहो आणि होपींसह अनेक मूळनिवासी जमातींना पवित्र आहेत. उंच पाँडेरोसा पाइनच्या नारिंगी सालीच्या भेगेत नाक खुपसून बघा, व्हॅनिलाचा वास येतो. तो हवा तेवढा घ्या.

आमच्या मंडळाची सहल न्यायची आहे, शंभरेक माणसं. चालेल?

७५ किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर गटाचं परमिट लागतं. ते बिनव्यावसायिक गटाला फुकट मिळतं, पण आधी अर्ज करावा लागतो. ‘आम्ही ७४च आहोत’ असं म्हणून दोन गट करण्याची आयडिया आधीच कोणाला तरी सुचलेली आहे. रेंजरही मोजू शकतात. खरं सांगायचं तर शंभर माणसं, ढोल आणि खड्डे हा मेळ बसत नाही. एवढ्या मंडळींसाठी संडास असलेलं ग्रुप कॅम्पग्राउंड भाड्याने घ्या. जंगलात तीन-चार कुटुंबं पुरेत.

तंबू नाही. गाडीत झोपलं तर?

चालतं. काच जरा खाली ठेवा, इंजिन बंद ठेवा.

कचरा?

सगळा परत. संत्र्याची सालं, शेंगांची टरफलं, चहाचा चोथासुद्धा. कोरड्या हवेत ते कुजत नाही, वर्षभर तसंच दिसतं. आधीच्यांचा थोडा दिसला तर तोही उचला. घाण झालेल्या जागा एकेक करून बंद होतात.

पोहोचलो आणि सगळ्या जागा भरलेल्या निघाल्या तर?

मेमोरियल डे, चार जुलै आणि लेबर डे या सुट्ट्यांच्या वीकएंडला हे होतंच. दोन तंबूंच्या मध्ये घुसू नका. लोक एकांतासाठी आलेले असतात. मुख्य रस्त्यापासून आणखी दोन-तीन मैल आत गेलं की गर्दी विरळ होते. तेही जमलं नाही तर पैसे देऊन राहायच्या कॅम्पग्राउंडचा पत्ता आधीच लिहून ठेवलेला बरा. टुसायानजवळ फॉरेस्ट सर्व्हिसचं टेन-एक्स आहे, सीझनमध्ये उघडं असतं, आणि तिथे संडासही आहे.